खाऱ्या पाण्याचं विरजण

बहुतेक लोक पनवेलला जात नाहीत, पनवेलवरून जातात. कोकणात उतरायचं किंवा पुण्याकडे वळायचं, मध्ये स्टँडवर चहा प्यायचा, एवढीच आमच्या वऱ्हाडातल्या माणसाची पनवेलशी ओळख. मी मात्र या जानेवारीत खास पनवेललाच जाऊन आले. सामान होतं कपड्यांची एक बॅग आणि एक रिकामा पांढरा प्लास्टिकचा कॅन. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय पाहिलंस? सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि समोरचा माणूस घड्याळ बघायला लागतो. म्हणून लिहून काढते आहे.

आधी कॅनचं सांगायला हवं. मी केमिकल इंजिनीअरिंगची प्राध्यापक होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. विषय कचऱ्यापासून गॅस. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या विभागात हुशार माणसाने रिफायनरीकडे जायचं असा अलिखित नियम होता. मी शेण, भाजीची देठं आणि माशांची आतडी यांत हात घातले, त्यामुळे स्टाफरूममध्ये माझं नाव ‘शेणबाई’ पडलं. मी आत आले की दोघे-तिघे खिडकी उघडायचे. पुढे ‘शाश्वत ऊर्जा’ हा शब्द फॅशनमध्ये आला आणि त्याच दोघा-तिघांना त्या विषयाच्या परिषदांत शाली मिळाल्या. त्यांचा मला अजून राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मासळी बाजाराचा कचरा यातला सगळ्यात अवघड. मासळीबरोबर मिठाचं पाणी येतं आणि साध्या शेणातले जंतू त्या मिठात मरून जातात. मी समुद्रापासून एवढ्या दूर बसून, बर्फाच्या पेटीतून माशांची मुंडकी मागवून, जंतूंना थोडं थोडं मीठ चारत गेले. लहान मुलाला तिखट खायला शिकवतात तसं. यात माझी उमेदीची वर्षं गेली. शेवटी मिठात तग धरणारं असं काळं, घट्ट, उग्र वासाचं पाणी तयार झालं. जुन्या टाकीतलं थोडं नव्या टाकीत घातलं की नवी टाकी चालू. त्याला इंग्रजीत ‘कल्चर’ असं भारदस्त नाव आहे. मी वर्गात सरळ विरजण म्हणायचे.

त्याच विरजणावर दोन वर्षांपूर्वी पनवेलच्या बाहेर, एका मासळी बाजाराच्या मागे, एका संस्थेने मोठी टाकी चालू केली; विरजण घालायला मी स्वतः गेले होते. तिथला मॅनेजर नितीन माझाच विद्यार्थी. इकडे मी निवृत्त झाले आणि कॉलेजने माझ्या प्रयोगशाळेच्या जागी ‘शाश्वत ऊर्जा केंद्र’ काढायचं ठरवलं. मी भाचीच्या लग्नाला गेले असताना एसी बसवायला माणसं आली आणि त्यांनी माझ्या टाक्या गटारात रिकाम्या केल्या. शाश्वत ऊर्जेला जागा हवी म्हणून शाश्वत ऊर्जा ओतून दिली! आता माझं विरजण जगात फक्त पनवेलला उरलं होतं. त्यातलं कॅनभर आणायचं आणि मागच्या अंगणात एका ड्रममध्ये जगवायचं, एवढ्यासाठी मी निघाले. त्याच आठवड्यात तिथल्या प्लांटचं लोकार्पणही होतं. दोन वर्षं टाकी गॅस देत होती, पण ती लोकांना अर्पण व्हायची राहिली होती.

पनवेल

लॉजवरच्या माणसाने कॅनकडे बघून सांगितलं, "मॅडम, रूममध्ये पाणी ट्वेंटी फोर अवर्स आहे." मी बरं म्हटलं. जेवायला जवळच्या खानावळीत बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. आमच्याकडे ज्वारीची भाकर तोडताना जरा जोर लावावा लागतो. इथली भाकरी इतकी मऊ आणि पांढरी की पहिली दोन मिनिटं मी तिला घडी घातलेला रुमालच समजत होते. कालवणात कोकम होतं. तेवढं एक जेवण मी शांत डोक्याने जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडबाहेर इक्बालभाईंची रिक्षा मिळाली. साठीचा माणूस, पांढरी दाढी, आयुष्यातली बरीच वर्षं कुवेतला ट्रक चालवण्यात गेलेली.

"तौबा, मॅडम," ते आरशातून म्हणाले, "भरलेला डबा घेऊन लोक प्रवासाला निघतात. तुम्ही रिकामा घेऊन कुठे निघालात?"

"भरून घ्यायला."

"मग ठीक आहे. इन्शाअल्ला भरेल."

उलव्याकडच्या रस्त्याला लागलो. जिकडे बघावं तिकडे क्रेन. डोंगराच्या अर्ध्या भागावर झाडी आणि अर्धा भाग कापलेल्या केकसारखा लाल. विसाव्या मजल्यावर माणसं काम करत होती आणि खाली त्यांच्या बायका चुलीवर लाकडं सारत होत्या. इक्बालभाई हात करून दाखवत होते, इथे खाडी होती, इथे मिठागर, इथे आमची क्रिकेटची पिच. मला त्या चुलींचा धूर दिसत होता आणि कोपऱ्यावर सडलेल्या कचऱ्याचा ढीग दिसत होता. दोघांच्या मध्ये शंभर पावलं नव्हती. त्या कचऱ्याचा गॅस करायचा आणि त्या चुलीखाली न्यायचा, यापलीकडे मी आयुष्यभर काहीही मांडलेलं नाही. कोणाला त्यात न समजण्यासारखं काय होतं, देव जाणे.

प्लांटवर मांडव घातला होता. टाकीला पोपटी रंग दिला होता आणि त्यावर हसणारे मासे काढले होते. नितीन धावत आला, वाकून पाया पडला.

"मॅडम, बघा! वास येतोय का काही?"

येत होता. हॉस्पिटलच्या संडासात येतो तो. जिवंत टाकीला कान लावला की आत डाळ रटरटल्यासारखा आवाज येतो. मी साडीचा पदर खोचून कान लावला. आत काहीच नव्हतं. कानाला ओला पोपटी रंग लागला तेवढा.

"नळ सोड," मी म्हटलं.

बाटलीत पांढरट पाणी आलं. वर फेस.

"काहून?" रागावले की माझी वऱ्हाडी बाहेर येते. "काहून असं झालं हे?"

"क्लीनिंग केलं, मॅडम. लोकार्पणाला येणाऱ्या साहेबांची टीम पाहणीला आली होती. त्यांना स्मेल आला. ते म्हणाले, ही स्वच्छ ऊर्जा आहे ना? मग स्वच्छ नको का? म्हणून टाकी खाली केली, फिनाईल आणि ब्लीचिंग पावडर टाकून दोनदा प्रॉपर धुतली. आता फ्रेश पाणी भरलंय."

स्वच्छ ऊर्जा म्हणून टाकी फिनाईलने धुतली! हा शब्द ज्याने मराठीत आणला त्यालासुद्धा हे सुचलं नसतं.

"जंतू मरतात हे तुला माहीत नव्हतं? माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचास तू."

तो खाली बघत होता. "माहीत होतं, मॅडम."

"मग?"

"मांडव बुक झाला होता."

मी त्याला मारलं नाही, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते. मारण्याची इच्छा नव्हती म्हणून नाही, हातात कॅन होता म्हणून.

मग मला स्टेजच्या मागे पडद्याआड उभा असलेला लाल सिलिंडर दिसला. त्याची नळी टाकीच्या पाइपला इतक्या सफाईने जोडली होती की खऱ्या कामात तेवढी सफाई मी क्वचित पाहिली आहे. "फक्त उद्यापुरतं, मॅडम," नितीन म्हणाला. "नंतर आपण शेण टाकून परत सुरू करू ना." शेण! मिठाच्या पाण्यात शेण! मी रिक्षात जाऊन बसले.

लोकार्पण

जाऊ नये असंच ठरवलं होतं. सकाळी उठले आणि गेले. आपल्या घरातल्या मयताला आपण नाही तर कोण जाणार?

साहेब आले, नारळ फुटला, पडदा सरकला. साहेबांनी बर्नर पेटवला, निळी ज्योत उठली, टाळ्या पडल्या. त्या ज्योतीवर पातेलंभर चहा झाला. पहिला कप साहेबांनी स्वतःच्या हाताने मला आणून दिला. "घ्या, मॅडम. तुमच्याच गॅसवरचा."

मी कप खाली ठेवला आणि माइक घेतला. मला लिहिलेलं भाषण येत नाही, रागात तर मुळीच नाही. मी म्हटलं, "हा चहा पडद्यामागच्या सिलिंडरवरचा आहे. ही टाकी परवापर्यंत जिवंत होती. वास येतो म्हणून ती धुतली आणि ती मेली."

साहेब सराईत होते. हसून म्हणाले, "अहो मॅडम, आजच्या दिवशी तरी आनंदावर विरजण घालू नका."

"विरजणच घातलं होतं मी, साहेब. दोन वर्षांपूर्वी. तुम्ही त्यात फिनाईल घातलंत."

आणि लोक हसले. खदखदून हसले, टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "मॅडमनी आपल्या खुमासदार शैलीत सर्वांना हसवलं," आणि माइक माझ्या हातातून अलगद काढून घेतला. मागून सनई लागली. चांगल्या दुधाचं दही करणाऱ्या वस्तूचं नाव मराठीने आनंद नासवायला का वापरलं, हे मला कधी कळलं नव्हतं. त्या मांडवात नीट कळलं. आपल्याला आनंद नासलेला चालतो, फक्त कोणी तसं म्हटलेलं चालत नाही.

रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. लपवायचं कारण नाही, मोठ्याने आलं. माझं सगळं काम, सगळी वर्षं, गटारात गेलं होतं, एक गटार वऱ्हाडातलं आणि एक इथलं. इक्बालभाईंनी रिक्षा बाजूला घेतली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

"मॅडम, ते स्टेजवर तुम्ही विरजण विरजण काय म्हणत होतात?"

मी सांगितलं, जमेल तसं.

"म्हणजे तेच काळं पाणी?" ते मागे वळले. "मग आमची हिराबाई घेऊन गेलीय ना ते. मासे विकते, आपट्याला राहते. माझ्याच रिक्षातून दोन कॅन नेले तिने. खुदा की कसम, महिनाभर एक पॅसेंजर बसत नव्हता."

"कधी?"

"झालं की वर्ष. त्यावरून तर केवढा बोभाटा झाला. तुमच्या त्या मॅनेजरने भर बाजारात तिला चोर म्हटलं. प्लांटच्या गेटच्या आत पाय टाकायचा नाही म्हणून सांगितलं."

मी डोळे पुसले. "आपट्याला चला," म्हटलं.

आपटा

हायवेवर ट्रक आडवा झाला होता, त्यामुळे कर्नाळ्याचा सुळका आमच्या डाव्या हाताला बराच वेळ जागचा हललाच नाही. आपट्याला पोचलो तेव्हा सूर्य गेला होता. पाताळगंगेवर धुक्याचा पातळ पट्टा होता आणि गारवा चांगलाच होता. नदीपासून थोडं आत हिराबाईचं घर. अंगणातल्या तुळशीपुढे तिने नुकतीच पणती ठेवली होती. उंच, रुंद खांद्यांची बाई, आवाज बाजारातला.

इक्बालभाईंनी मी कोण ते सांगितलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या. तुमीच त्या बाजारात आल्तात ना, टाकी चालू केली तवा? भाषान दिल्तं, विरजन विरजन करून?"

मीच ती. टाकी चालू करताना मासळीवाल्यांना समजावं म्हणून मी तो शब्द वापरला होता. परसात तिने एका ड्रममध्ये दुसरा लहान ड्रम उपडा घालून काम भागवलं होतं. वरचा ड्रम गॅसने चांगला उचलला होता. माझ्या डिझाइनप्रमाणे काहीच नव्हतं, नळीला एका ठिकाणी सायकलची ट्यूब गुंडाळली होती आणि ती गळत होती. मी गुडघ्यावर बसून कान लावला.

रटरटत होतं.

मी किती वेळ तशी बसले ते ठाऊक नाही. उठले तेव्हा पुढे कॅन करून म्हटलं, "हिराबाई, मला यातलं थोडं द्या."

"देन ना. सकाली."

"सकाळी माझी गाडी आहे. आत्ता द्या."

"आता नाय. दिवं लागलं ना. दिवं लागल्यावर विरजन कोनी भायेर देतं का?"

मला आधी वाटलं ती चेष्टा करते आहे. तिन्हीसांजेनंतर दूध, मीठ, विरजण घराबाहेर देत नाहीत, हे आमच्याकडेही आहे. माझी आई शेजारणीला दारातून परत पाठवायची. पण हे दही नव्हतं! मी तिला सांगितलं की हे जंतू आहेत, त्यांना ऊन आणि दिवे काही कळत नाहीत. माझी गाडी चुकेल. मी सकाळपासून पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे आणि आता आणखी सोसणार नाही. आवाज बराच चढला असावा, कारण शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

हिराबाईने सगळं ऐकून घेतलं. "तुमीच बोल्ल्या ना विरजन हाय म्हनून?"

"हो, पण..."

"मंग विरजनाचं जे हाय ते ह्याला पन लागल. रावा आज हितं. पोपटी लावलीय मागं."

इक्बालभाई हसू दाबत रिक्षाकडे गेले आणि सकाळी येतो म्हणाले. त्या दिवसात मला गप्प करणारे दोघं, एक साहेब आणि एक हिराबाई. दोघांनी माझाच शब्द माझ्यावर फिरवला. फरक एवढाच की हिराबाईने तो शब्द मनावर घेतला होता.

पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे आणि अंडी भरायची, तोंड पाल्याने बंद करायचं, मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. आमच्याकडे थंडीत शेतात हुरडा होतो, तसाच हा प्रकार. पण हुरड्याला गोडसर वास असतो आणि या पाल्याचा वास ओव्याच्या जवळचा, जरा कडसर. पाणी घालत नाहीत तरी शेंगा वाफेने मऊ होतात. मी बोटं भाजत खात होते. हिराबाई शेजारी बसून शेंगा सोलून माझ्यापुढे टाकत होती.

"त्यानं चोर बोल्लं मला," ती एकदम म्हणाली. "सगल्या बाजारासमोर. मी आदी मागाया गेल्ते. तर बोल्ला, अर्ज कर. मी इचारलं, विरजनाला अर्ज? तर हसला. मुंडकी आमच्या फलीवरची, ती रोज त्याच्या टाकीत जायाची, आन मी चोर?"

"तुम्ही चोर नाही," मी म्हटलं. मला नितीनचा पुन्हा नव्याने राग आला, आणि या खेपेस तो टाकीसाठी नव्हता.

सकाळी तिने स्वतः कॅन भरला. झाकण घट्ट लावू नका, गॅस होऊन फुटेल, असं मी सांगितलं तर तिने झाकण काढूनच टाकलं आणि तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला. "तुमचं बिगरलं त परत या," म्हणाली. "माजं बिगरलं त मी येन तुमच्याकं. किती लांब हाय?"

"लांब आहे."

"येन तरी."

गाडी तर गेलीच होती. बसने यावं लागलं. बसमध्ये मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "बाई, काही मेलंय का तुमच्या डब्यात?" मी म्हटलं, मेलं असतं तर फिनाईलचा वास आला असता, हे जिवंत आहे. पुढच्या थांब्यापर्यंत माझ्या आसपासच्या चारही सीट मोकळ्या झाल्या आणि मी पाय पसरून झोपले.

घरी

ड्रम मागच्या अंगणात आहे. थोडे दिवस रुसला होता, आता रटरटतो. शेजाऱ्यांनी तक्रार केली, मी त्यांना चहा दिला. त्याच गॅसवरचा, सिलिंडर न लावता.

परवा संध्याकाळी नितीनचा फोन आला. आवाज पडलेला. टाकीत शेण घालून पाहिलं होतं, उपयोग झाला नव्हता. सिलिंडरची गोष्ट कुठेतरी फुटली होती आणि आता दुसरे साहेब येणार होते, ते झाकणं उघडून बघणारे होते.

"मॅडम, तुमच्याकडे कल्चर आहे असं कळलं. थोडं मिळेल का? मी माणूस पाठवतो. रीतसर लेटर देतो."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या घरातल्या बाईने तुळशीपुढे दिवा लावला होता.

"आत्ता नाही देता येत. दिवे लागलेत," मी म्हटलं. "आणि एवढ्या लांब कशाला येतोस? तुझ्या जवळच आहे. आपट्याला जा, हिराबाईकडे. माणूस पाठवू नकोस, स्वतः जा, भांडं घेऊन. दिवे लागायच्या आत पोच."

"मॅडम," तो म्हणाला, "ती नाही म्हणाली तर?"

"तर अर्ज कर," मी म्हटलं आणि फोन ठेवला.